पिशवीतल्या सात निळ्या बाटल्या

शब्बीर, भाभींचा फोन आला होता.

"विनोदभाऊ, उद्या जुम्म्यानंतर येता काय? एक अर्ज लिहून पाह्यजे," एवढंच बोलल्या. कसला अर्ज, कोणाच्या नावे, काही नाही. मीही विचारलं नाही. तू गेल्यापासून तुझ्या घरून फोन आला की मी आधी स्टोअरचं दार लोटून घेतो. एक गोष्ट अशी आहे जी त्यांना ठाऊक नाही. ती तुला ठाऊक होती आणि मला. आता एकट्या मलाच आहे.

आज गुरुवार. उद्यापर्यंत जीव थाऱ्यावर राहणार नाही, म्हणून तू सांगितलेलं जुनं काम काढून बसलोय. किती वेळा म्हणालास, "अबे, तू पेपरात नाटकावर लिहितं, गणपतीच्या देखाव्यावर लिहितं, मंग आपल्या जपानीवर काहून लिहीत नाई? गुण बी लिही, दोष बी लिही. पन खरं लिही." मी म्हणायचो, पांढरकवड्यात हे वाचणार कोण? तू म्हणायचास, "मी वाचीन ना." वाचणारा गेला आणि मी लिहायला बसलो. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यवतमाळच्या एका साहेबांचा मुलगा जपानहून सुट्टीवर आला, सोबत टीव्हीला जोडून खेळायचा एक डबा घेऊन आला आणि तो सरळ घरच्या प्लगात घातला. तिकडची वीज शंभर व्होल्टची, आपली दोनशे तीस. धूर निघाला. दोन-तीन दुकानांनी हात वर केल्यावर कोणीतरी त्यांना तुझ्याकडे पाठवलं. तू विहिरीवरच्या आणि कापसाच्या जिनिंगमधल्या मोटरी भरणारा माणूस, जळकी तार उपसून नवी तांब्याची तार बसवणारा. असला नाजूक डबा तू जन्मात उघडला नव्हता. तरी उघडलास. आतला जळका भाग बदललास आणि बाहेरून स्वतःच्या हाताने गुंडाळलेला विटेएवढा ट्रान्सफॉर्मर जोडलास. तोवर मुलगा परत गेला होता. साहेब म्हणाले, आता ठेवून घ्या तुम्हीच. आत एकच सीडी होती. फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरला तर मराठीत नाव उमटलं, 'मिठाचा रस्ता'.

जुम्म्याच्या नमाजनंतर तुझं दुकान चार वाजता उघडायचं. दोन ते चार आपले. मी जिनिंगचा स्टोअरकीपर, स्टोअरला कुलूप लावून जेवणाच्या सुट्टीच्या नावाखाली यायचो. दुकानामागच्या खोलीत वार्निशचा वास, कोपऱ्यात भरायला आलेल्या मोटरी आणि मधोमध दोन चाळिशीपार माणसं पाटावर बसून जपानी बाहुल्या चालवताहेत. पहिल्या दिवशी भाभींनी डोकावून पाहिलं आणि काही न बोलता चहा ठेवून गेल्या. तू म्हणालास, "बोलल्या असत्या तं बरं झालं असतं."

खेळ असा. चार माणसं आटलेल्या समुद्राकाठून मिठाचं पोतं घेऊन डोंगरातल्या एका गावाकडे निघतात. कुठल्याशा जुन्या समजुतीनं ते मीठ पोचलं तर गाव वाचणार असतं. चालायचं, वाटेत जनावरं आडवी आली तर लढायचं, रात्री मुक्काम करून स्वयंपाक करायचा. बस्स. पण त्यांच्या मागून एक पांढरं धुकं येत असतं. ते आपल्याला कोणी सांगत नाही. आपण जितके मुक्काम करू तितकं ते जवळ येतं, हे तर मुळीच कोणी सांगत नाही.

हे आपल्याला कळलं ते त्या भाकरीवालीच्या गावी. सुरुवातीला तिच्याकडून भाकऱ्या घेतल्या होत्या, ती तुझ्या आवडत्या गड्याची चेष्टा करायची. पुढे चुकलेली वाट सुधारायला आपण मागे आलो तर गाव नव्हतं. विहीर तेवढी होती. गाण्याचा सूर बदलला नाही, कोणी किंचाळलं नाही, कुठे रक्त नाही. नुसतं पांढरं. तू रिमोट खाली ठेवलास आणि म्हणालास, "विनोद, आपुन किती मुक्काम केले बे?" मी मोजायला लागलो आणि थांबलो. सगळे मुक्काम माझे होते. गडी ताजेतवाने असले म्हणजे बरं, असं म्हणून मीच दर दहा पावलांवर चूल पेटवायचो.

या खेळाचा पहिला गुण लिहायचा तर हाच लिहीन. तो भीती दाखवत नाही, नुसता हिशेबात धरून ठेवतो. आणि दोष लिहायचा तर तोही हाच. चूक झाली हे त्यानं चूक होताना सांगायला हवं होतं. यावर आपण दोन शुक्रवार भांडलो. तू म्हणालास, "सांगून राह्यलाच होता तो. आपुन ऐकून नाई राह्यलो."

दुसरे दोष मात्र तूही कबूल केलेस. मधला भाग फार रटाळ, चढावर कपाशीच्या लोड गाडीमागे अडकावं तसा. पुढच्या लढाईपुरता दम गड्यांच्या अंगात यावा म्हणून तीच ती जनावरं मारत बसायचं. आधी लाल कोल्हा, मग निळा कोल्हा, मग तोच कोल्हा पांढरा. मी चिडलो की तू म्हणायचास, "जाऊ दे ना, पेंटरले बी घर चालवा लागते." बोलणी तर इतकी लांब की फोन धरून धरून हाताला रग लागायची, आणि फोनचं मराठी असं की चौघांतला पुढारी ऐन मरणाच्या दारात म्हणायचा, 'कृपया माझे दुःख स्वीकारा.' यावर तू आठवडाभर हसलास. गिऱ्हाईक मोटर घ्यायला आलं की हात जोडून म्हणायचास, कृपया माझे बिल स्वीकारा.

आणि ती बाई. चौघांत एकटी बाई आणि तिच्याकडे काय, तर काढे, पट्ट्या आणि स्वयंपाक. दिवसभर सगळ्यांच्या बरोबरीनं डोंगर चढून आल्यावरही चूल तीच पेटवणार. तुझी सना एकदा कॉलेजातून आली, दारात उभी राहून पाहिलं आणि म्हणाली, "अब्बा, हिले तलवार काहून नाई देत?" तू म्हणालास, "बेटा, कंपनीनं नाई देली." ती म्हणाली, "मंग कंपनी बेकार हाये." हा दोष तिच्या नावावर लिहितो.

पण लढाईची रीत आपल्या दोघांना आवडायची. एकदा आपली पाळी, एकदा समोरच्याची. आपण विचार करत बसलो तर तो राक्षसही हात वर करून उभा. चहा पिऊन या, नमाज पढून या, तो हलणार नाही. "इमानदार दुश्मन हाये," तू म्हणायचास. मला ते बरं वाटायचं कारण जिनिंगमध्ये सीझनला मला श्वास घ्यायला कोणी थांबत नाही. खेळ जपून ठेवायची सोय मात्र फक्त विहिरीपाशी. मी त्यावरून शिव्या द्यायचो. एक चूक झाली की तासाची मेहनत पाण्यात. तू म्हणायचास, "विहीर दिसली का जीव कसा थंड होते पाय. कुठं बी भेटली असती तं झाला असता काय?"

आता म्हाताऱ्याकडे येतो. मी इतका वेळ त्यालाच टाळतोय, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

चौघांतला चौथा एक म्हातारा कुंभार. तू त्याचं नाव बडेमियाँ ठेवलंस. लढाईत फारसा कामाचा नाही, पण मुक्कामाला बसला की गमती सांगायचा, म्हणून तू त्याला कधी मागे सोडलं नाहीस. प्रत्येक गड्याच्या नावापुढे एक हिरवी पट्टी असते, अंगात किती जीव आहे ते दाखवणारी. बडेमियाँची पट्टी शेवटपर्यंत भरलेली होती. आणि एका खिंडीत, लढाई नाही, जनावर नाही, तो चालता चालता खाली बसला आणि उठला नाही.

मी उसळलो. म्हणालो, ही शुद्ध फसवणूक आहे. पट्टी भरलेली दाखवायची आणि माणूस मारायचा? मग ती पट्टी कशाला? तू पडद्यावर खाली बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे बोट केलंस. मग म्हणालास, "अबे, तीन मुक्कामांपासून तो वाटीतलं अर्धं ठेवून देऊन राह्यला होता. चालताना एक पाऊल मांगं राहे. कालपासून गंमत बी सांगितली नाई त्यानं. तू पट्टी पाहून राह्यला होता." आणि मग ते वाक्य, जे मला आता झोपेतून उठवतं. "मानूस भरलेल्या पट्टीनंच मरते, विनोद."

आपल्या पिशवीत तेव्हा सात निळ्या बाटल्या होत्या. साऱ्या खेळात मिळणारं ते सगळ्यांत जालीम औषध, विकत कुठेही मिळत नाही. तू त्या तिनांतल्या दुसऱ्या मुक्कामालाच म्हणाला होतास, "एक देऊन पाहू बडेमियाँले." मी म्हणालो, राहू दे, पुढे लागेल. पट्टी भरलेली आहे त्याची. त्यानंतर पुन्हा म्हणालास. मी पुन्हा म्हणालो, पुढे लागेल. मी स्टोअरचा माणूस. नवी वस्तू खोक्यातून काढायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. वापरलेला बेल्ट शिवून चालवीन, पण नवा बेल्ट रॅकवरच शोभतो असं मला वाटतं. मालक याच गुणासाठी पगार देतात.

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला. बाटली दिली असती तर तो वाचला असता, हे तुझं म्हणणं. माझं म्हणणं की नाही, गोष्टच तशी लिहिलेली आहे, काहीही करा, खिंडीत तो बसणारच. त्या बाटल्यांचा तिथे काही उपयोग नाही. फोनवर शोधलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. तू शोधू दिलं नाहीस. म्हणालास, पुन्हा पहिल्यापासून खेळू, या खेपेला बाटली देऊ, मंग कळन. पुन्हा तोच समुद्र, तोच लाल कोल्हा. मुक्काम कमी केले, भाकरीवालीचं गाव वाचलं. जानेवारीत आपण खिंडीच्या अलीकडच्या विहिरीपाशी पोचलो आणि तिथे खेळ जपून ठेवला. तो अजून तिथेच आहे.

गोष्ट आधीच लिहिलेली असते, माणूस जाणारच असतो. हे म्हणत मी इतक्या जोरात भांडलो होतो, शब्बीर. आता मी याच एका वाक्याला धरून बसलोय, आणि ते का, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार?

डिसेंबरपासून तू बदलला होतास. तर्री-पोह्यांची प्लेट अर्धी ठेवायचास. मी तीही संपवायचो. माझ्या स्टोअरच्या जिन्यावर मधल्या पायरीला थांबून वरची वायरिंग बघितल्यासारखं करायचास. एका शुक्रवारी डावा हात चोळत रिमोट माझ्याकडे दिलास, "तू खेळ, मी पाह्यतो." मी हसून म्हणालो, बडेमियाँसारखं करू नको बे. तू म्हणालास, "मंग काढ ना बाटली." आपण दोघंही हसलो. माझ्या अंगावर तेव्हा काटा यायला हवा होता. आला नाही.

मग गावातल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली आणि नागपूरला जायला सांगितलं, अँजिओग्राफीसाठी. मंगळवारची तारीख मिळाली. भाभींनी बॅग भरली.

सोमवारी संध्याकाळी आमच्या कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसची मोटर जळाली. फाटकाबाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग, आत रुईचे ढीग, मालक नागपूरला. मी तुला फोन लावला. आपलं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"शब्बीर, प्रेस बंद पडलं. दोन दिवसांत भरून देशील ना?"

तू म्हणालास, "उद्या नागपूर होतं बे."

"दोन दिवसांनी जा. नागपूर कुठं पळून चाललं काय?"

मग म्हणालास, "पाठव."

आता ती गोष्ट. स्टोअरमध्ये, मागच्या रॅकखाली, ताडपत्रीत गुंडाळलेली एक जादा मोटर होती. त्याच मापाची, चालू. तासाभरात बसली असती. मी ती फेब्रुवारीच्या गर्दीसाठी राखून ठेवली होती. तेव्हा बंद पडलं तर काय करायचं, म्हणून. मालकांना विचारलंसुद्धा नाही, कारण विचारलं असतं तर ते म्हणाले असते, लाव ना मग, वाट कशाची बघतोस. आणि ती मोटर कोणी भरली होती? तूच. दोन वर्षांपूर्वी. ती तिथे आहे हे तुला माहीत होतं. फोनवर तू तिचं नाव काढलं नाहीस. मीही काढलं नाही.

तू दोन दिवस खाली बसून प्रेसची मोटर भरलीस. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ती यायच्या आत तू गेलास. माझी राखीव मोटर अजून ताडपत्रीतच आहे. फेब्रुवारीत तिची गरज पडली नाही.

एवढं भाभींना ठाऊक नाही. उद्या जायचंय. अर्ज कसला असेल? दुकानाच्या मीटरचा असेल, सनाच्या कॉलेजचा असेल. असंच काहीतरी असेल.

*

काल इथवर लिहिलं होतं. आता जाऊन आलोय. चार वाजलेत. तुझ्या दुकानाचं शटर बंद आहे, येताना पाहिलं.

तू गेल्यामुळे भाभी इद्दतमध्ये आहेत, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, त्यामुळे समोर आल्या नाहीत. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि त्या पडद्यामागे बसून बोलल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. समोर सना बसली होती, मांडीवर तुझी दवाखान्याची फाईल आणि कोरे कागद. ती बारीक झालीय. चहा तिनंच दिला.

"विनोदभाऊ," पडद्यामागून आवाज आला, "हे तुमाले भाई मानत. म्हनून तुमालेच बोलावलं. त्या नागपूरच्या डॉक्टरच्या नावानं अर्ज द्याचा हाये."

मी विचारलं, "काय झालं?"

"तारीख देली मंगळवारची. आमी बॅग भरून बसलो. सोमवारी रात्री हे घरी आले अन् म्हने, डॉक्टरचा फोन आलता, त्यायनं तारीख पुढं ढकलली. मी म्हनलं, आपुन तरी जाऊन बसू. हे म्हने, नाई, डॉक्टरच नाई तं जाऊन कराचं काय." सनानं मांडीवरची फाईल उघडली. "तवापासून मी त्या डॉक्टरले बद्दुआ देऊन राह्यली, भाऊ. पाच वक्ताच्या नमाजीत. असा कसा मानूस हाये? आजारी मानसाले तीन हप्ते थांबवते?"

शब्बीर, तू घरी हे सांगितलंस?

मी जिना उतरताना पायरी चुकावी तसा बसल्या जागी हललो. सनानं पेन पुढे केलं. मी घेतलं. लाज वाटते सांगायला, पण मी घेतलं, आणि लिहायला सुरुवातही केली. 'प्रति', मग त्या डॉक्टरांचं नाव, फाईलवरून बघून. मग 'विषय'. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात. 'विषय : रुग्णास दिलेली तारीख परस्पर पुढे ढकलल्याबाबत.' सना वाकून वाचत होती. तिनं मान डोलावली.

तेवढ्यात मला दिसलं की हा कागद एवढा लिहून झाला तर मी कायमचा सुटलो. तू माझ्यासाठी रस्ता करून ठेवला होतास. त्या डॉक्टरांना एक नोटीस जाईल, ते म्हणतील आम्ही तारीख बदलली नाही, हॉस्पिटल म्हणेल पेशंटनंच फोन केला, भाभींना ते खोटं वाटेल, आणि माझ्यापर्यंत कोणी कधी येणार नाही. धुकं दुसऱ्याच कुणाच्या गावावर जाईल. मी पेन खाली ठेवलं.

"भाभी, डॉक्टरांनी तारीख बदलली नव्हती," मी म्हणालो. "फोन मी केला होता. आमच्या प्रेसची मोटर जळाली होती. मीच म्हणालो, दोन दिवसांनी जा. शब्बीर तुम्हाला खोटं बोलला. माझ्यासाठी."

पडद्यामागे काहीच हललं नाही. सना माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही, फाईलकडे बघत बसलो. मला वाटलं भाभी रडतील किंवा ओरडतील. मी त्यासाठी तयार होतो, खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. जेवढं बोललो तेवढ्यावर ओरडून घ्यावं आणि मी ऐकून घ्यावं. अर्धंच बोललो होतो मी. तिथेही हातचं राखलं होतं.

मग आवाज आला. तोच आवाज, चढला नव्हता की पडला नव्हता.

"तुमच्या स्टोरमंदी एक मोटर जादा ठेवलेली राह्यते ना?"

बावीस वर्षं मोटर भरणाऱ्याच्या घरात काढलेली बाई. हे त्या विचारणारच होत्या, पण त्या मोटरीचं त्यांना ठाऊक असेल हे त्यांनी विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"असते," मी म्हणालो.

"यायनंच भरून देल्ती ते. मी बल्ब लावून सुकवली व्हती, पावसाचे दिवस होते म्हनून. तेच ना?"

"हो. तीच."

"मंग जळून गेलती काय ते?"

"नाही. चालू आहे."

एवढंच, शब्बीर. मी दुसरं काही बोललो नाही, फेब्रुवारीच्या गर्दीचं नाही, मालकांचं नाही. पडदा हलला तेव्हा मला वाटलं त्या उठल्या, पण वारा असावा. मग त्या सनाला म्हणाल्या, "बेटा, तो कागद फाडून टाक. त्या डॉक्टरचं नाव हाये त्याच्यावर." सनानं कागदाचे चार तुकडे केले आणि मुठीत धरून ठेवले.

"विनोदभाऊ, तुमी आता जा," आवाज म्हणाला. "रविवारी यायले चाळीस दिवस होतेत, चालीसवा हाये. या मातर. तुमी नाई आले तं लोक विचारतीन, काहून नाई आला म्हनून. मले कोनाले काई सांगाचं नाई."

मी चपला घालून बाहेर आलो. सना दारापर्यंत आली नाही. एरवी यायची.

रविवारी मी जाईन. बाहेरच्या मांडवात पुरुषांत बसेन, लोक माझ्या खांद्यावर हात ठेवतील, तुमचा दोस्त गेला म्हणतील, आणि मी मान हलवेन. आत भाभींना ठाऊक असेल. त्यांनी मला शिक्षा दिली की सांभाळून घेतलं, हे मला कळलेलं नाही, आणि कधी कळेल असंही वाटत नाही. त्या डॉक्टरांवरची बद्दुआ आता उतरेल. ती कुठे जाईल ते मी विचारलं नाही.

तुझे उपकार माझ्यावर पुष्कळ आहेत. आईला बरं नव्हतं तेव्हा महिनाभर तू डबा आणलास, माझ्या भावाच्या लग्नात अख्खी लायटिंग तुझी. त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत, आपल्यात ती पद्धतच नव्हती. आता मानतो. पण हा शेवटचा उपकार मला नको होता, शब्बीर, आणि त्याचा मला तुझ्यावर राग आहे. घरी जाऊन बायकोशी खोटं बोलण्याइतकी माझी काळजी केलीस. त्यापेक्षा फोनवर एक शिवी घालून म्हणायचं होतंस, ताडपत्रीतली काढ ना बे. मी काढली असती.

काढली असती, असं मी दुपारपासून स्वतःला सांगतोय. पण तू मला शाळेपासून ओळखत होतास आणि तू ती मागितली नाहीस.